सल्लागार की हंगामी कारभारी? : संगणक-प्रकल्पांच्या इतिहासातील एका निवडीचा विचार

१

एखाद्या संस्थेने हाती घेतलेले संगणकीकरणाचे काम मध्येच अडते आणि ते मार्गी लावण्याइतका जाणता माणूस संस्थेच्या पदरी नसतो, अशा वेळी तिच्यापुढे सामान्यतः दोन वाटा असतात. पहिली अशी की, बाहेरच्या तज्ज्ञास बोलावून कामाची तपासणी करवावी, त्याचा अहवाल घ्यावा आणि त्याबरहुकूम पुढील कारवाई आपल्याच माणसांकडून करवून घ्यावी. दुसरी अशी की, बाहेरच्या तज्ज्ञास ठरावीक मुदतीपुरते संस्थेच्या आतच बसवावे, हुकूम देण्याचा अधिकार त्याच्या हाती द्यावा आणि काम तडीस गेले की त्यास निरोप द्यावा. पहिल्यास आपण सल्लागार म्हणतो. दुसऱ्यास मराठीत अद्याप एक निश्चित नाव नाही. प्रस्तुत लेखात त्यास ‘हंगामी कारभारी’ असे म्हटले आहे. त्याची कारणे पुढे यथास्थळ दिली आहेत.

ह्या दोहोंतील निवड वरवर पाहता व्यापारी व्यवहारातील एक किरकोळ बाब वाटेल. मोबदला किती आणि मुदत किती, एवढ्यावर ती मिटावी असेही कोणी म्हणेल. परंतु गेल्या सत्तर-पाऊणशे वर्षांत संगणक हे राज्यव्यवहाराचेच एक अंग होऊन बसले आहे. रुग्णाची नोंद, विम्याचा अर्ज, कामगाराचा पगार ह्या गोष्टी आज यंत्रावाचून चालत नाहीत. आणि यंत्र बंद पडले म्हणजे त्याचा भुर्दंड ज्यांनी ही निवड केली त्यांस न बसता ज्यांना तिची वार्ताही नसते अशा सामान्य जनांस बसतो. म्हणून ह्या निवडीचा विचार इतिहासाच्या अंगाने करणे अगत्याचे आहे. येथे त्यासाठी चार प्रकरणे घेतली आहेत : इंग्लंडमधील लायन्स कंपनीचे (१९४७ ते १९५१), अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे (१९५३-५४), अमेरिकेतील आरोग्यविमा-संकेतस्थळाचे (२०१० ते २०१४) आणि इंग्लंडमधील राष्ट्रीय आरोग्यसेवेचे (२००२ ते २०११). ह्यांपैकी तिसरे प्रकरण विस्ताराने घेतले आहे. कारण त्यात एकाच कामावर, एकाच वर्षात, दोन्ही वाटांचा प्रयोग झालेला दिसतो.

२

प्रथम शब्दांचा विचार करू. इंग्रजीतील ‘कन्सल्टंट’ हा शब्द लॅटिन ‘कोन्सुलेरे’ ह्या धातूपासून आला असून विचारविनिमय करणे हा त्याचा अर्थ होय. रोमन प्रजासत्ताकातील सर्वोच्च अधिकाऱ्यास जो ‘कॉन्सल’ म्हणत तो शब्दही ह्याच कुळातला. म्हणजे आज केवळ मसलत देणारा आणि एके काळी सैन्य व राज्य चालविणारा, हे दोघे शब्दकुळाने भाऊबंद ठरतात. ‘इंटरिम’ हे मूळचे लॅटिन अव्यय असून ‘दरम्यान’ असा त्याचा अर्थ आहे. रोममध्ये अधिकारपद रिकामे पडले तर ‘इंटररेक्स’ नावाचा अधिकारी पाच दिवसांपुरता नेमीत, आणि नव्या कॉन्सलची निवड घडवून आणणे हे त्याचे प्रमुख काम असे. मुदत ठरलेली, अधिकार खरा, आणि अंतिम कर्तव्य आपली जागा योग्य माणसाच्या स्वाधीन करणे, ही जी तीन लक्षणे इंटररेक्सच्या ठायी दिसतात तीच आजच्या हंगामी कारभाऱ्याचीही होत.

मराठीतही असाच गुंता आहे. ‘सल्ला’ आणि ‘मसलत’ हे दोन्ही शब्द, योग्य असणे ह्या अर्थाच्या एकाच अरबी धातूपासून फारसीमार्गे आपल्याकडे आले. परंतु जुन्या मराठी पत्रव्यवहारात ‘मसलत’ हा शब्द केवळ विचारविनिमयासाठी येत नाही. योजिलेल्या कामगिरीसही मसलत म्हणत. ह्याउलट ‘मुखत्यार’ हा शब्द निवडण्याची मुभा असलेला ह्या अर्थाचा आहे, आणि आजही मुखत्यारपत्र म्हणजे दुसऱ्याच्या वतीने सही करण्याचा अधिकार होय. पेशवेकालीन व्यवस्थेत मुख्य अधिकाऱ्याच्या गैरहजेरीत मुतालिक किंवा कारभारी त्याच्या वतीने कारभार पाही. ‘हंगाम’ ह्या फारसी शब्दाचा मूळ अर्थ काळ, वेळ. आणि ‘हंगामी’ हे विशेषण मराठी वाचकांस १९४६ च्या हंगामी सरकारापासून चांगलेच परिचयाचे आहे. ह्या सर्व कारणांनी ‘हंगामी कारभारी’ हा जोडशब्द मला अर्थवाही वाटतो. ‘प्रभारी’ हा शब्द वापरला असता तर रिकाम्या खुर्चीचा भार तात्पुरता उचलणारा एवढाच बोध झाला असता. विशिष्ट काम तडीस नेण्यासाठी बाहेरून आणलेला जाणता, हा बोध झाला नसता.

व्यवसाय म्हणून हंगामी कारभाराचा उगम सामान्यतः १९७० च्या दशकातील नेदरलँड्समध्ये मानतात. तेथील कामगार-कायद्यांमुळे कायम नोकरास दूर करणे कठीण असे. म्हणून मुदतबंद अधिकारी नेमण्याची चाल पडली. सल्लागाराचा व्यवसाय त्याहून पुष्कळ जुना आहे.

व्याकरणाचा एक भेद येथे उपयोगी पडतो. मोरो केशव दामले ह्यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) ह्या ग्रंथापासून आपणास क्रियापदाचे अर्थ परिचित आहेत. ‘करा’ हा आज्ञार्थ. ‘करावे’ हा विध्यर्थ. ‘केले असते तर’ हा संकेतार्थ. सल्लागाराचा अहवाल स्वभावतःच विध्यर्थात असतो. जॉन सर्ल ह्यांनी १९६९ मध्ये वाक्कृतींची मीमांसा करताना असे दाखविले आहे की, सल्ला देणे हा विनंतीचा किंवा आज्ञेचा सौम्य प्रकार नव्हे. ऐकणाऱ्याचे हित कशात आहे ते त्यास सांगणे, हेच सल्ल्याचे स्वरूप होय. ते हित साधावे की न साधावे हे ऐकणाऱ्याच्या हाती राहते. आज्ञेचे तसे नाही. परंतु आज्ञा ही आज्ञा ठरण्यास बोलणाऱ्याच्या ठिकाणी अधिकार असावा लागतो. तो नसेल तर आज्ञार्थी क्रियापद वापरूनही ती आज्ञा होत नाही. हा भेद लक्षात ठेवून आता घटनांकडे वळू.

३

व्यापारी कामासाठी संगणकाचा वापर प्रथम ज्यांनी केला त्यांत इंग्लंडमधील जे. लायन्स आणि कंपनी हिचे नाव अग्रभागी आहे. चहाची दुकाने आणि बेकऱ्या चालविणारी ही कंपनी. १९४७ मध्ये तिने टी. आर. टॉमसन आणि ऑलिव्हर स्टँडिंगफर्ड ह्या आपल्या दोन अधिकाऱ्यांस अमेरिकेस पाठविले. तेथे प्रिन्स्टन येथे हर्मन गोल्डस्टाइन ह्यांची भेट झाली, आणि त्यांच्याकडूनच त्यांना असे कळले की असे यंत्र त्यांच्या स्वतःच्या देशात केंब्रिज येथे मॉरिस विल्क्स तयार करीत आहेत. परत आल्यावर कंपनीने केंब्रिजच्या ह्या कार्यास ३,००० पौंडांचे साहाय्य दिले. १९४९ च्या मे महिन्यात केंब्रिजचे ‘एडसॅक’ यंत्र चालू झाले. कंपनीने जॉन पिंकर्टन ह्यांस नोकरीत घेऊन त्या धर्तीवर स्वतःचे ‘लिओ’ हे यंत्र बांधविले, आणि १९५१ च्या नोव्हेंबरात त्यावर बेकरीच्या मालाच्या हिशेबाचे काम सुरू झाले.

येथे सल्ला घेतला गेला, तोही जगातील अत्यंत जाणत्या माणसांकडून. परंतु काय करावयाचे हे ठरविणारे अधिकारी पहिल्यापासून कंपनीच्या आतले होते. कोणता हिशेब प्रथम यंत्रावर घ्यावयाचा, तो आज कसा होतो आणि त्यात कोठे वेळ जातो, हे त्यांस केंब्रिजच्या गणितज्ञांहून अधिक ठाऊक होते. विध्यर्थ बाहेरून आला आणि आज्ञार्थ आतून निघाला. ही सर्वांत निरोगी अवस्था होय. परंतु ती ज्या संस्थेत अगोदरच समर्थ कारभारी आहेत तेथेच संभवते.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने केंटकी राज्यातील लुइव्हिल येथील आपल्या अप्लायन्स पार्क ह्या कारखान्यासाठी संगणक घ्यावा की न घ्यावा, ह्याचा विचार करण्याचे काम आर्थर अँडरसन ह्या हिशेबतपासनीस पेढीकडे सोपविले. १९५३ मध्ये त्या पेढीने अनुकूल अभिप्राय दिला, आणि १९५४ च्या आरंभी तेथे ‘युनिव्हॅक’ यंत्र बसविण्यात आले. कामगारांच्या पगाराचे काम यंत्रावर चढविताना अनेक अडचणी आल्या, आणि त्या दूर करण्यासाठी अँडरसनची माणसे कारखान्यातच राहून प्रत्यक्ष कामास लागली.

ह्या प्रकरणाचे महत्त्व निराळे आहे. ‘हे होऊ शकते’ असे सांगणारी पेढीच ‘ते करून देण्यास’ तेथे राहिली. सल्ला आणि कंत्राट ह्यांमधील सीमा येथे पुसट झाली, आणि पुढील काळातील संगणक-सल्लागारीचा फार मोठा व्यवसाय ह्याच पुसट सीमेवर उभा राहिला. ह्यात लाभ नाही असे नव्हे. जो वाट दाखवितो त्यानेच चार पावले सोबत चालावे, हे योग्यच आहे. परंतु अशा व्यवस्थेत अभिप्राय देणाऱ्याचा स्वार्थ त्या अभिप्रायातच गुंतलेला असतो, आणि काम फसल्यास कोणास जाब विचारावा ह्याचे उत्तर अवघड होऊन बसते. काम प्रत्यक्ष हातात असूनही अशी पेढी कारभारी होत नाही. संस्थेच्या माणसांस ‘हे थांबवा’ असे म्हणण्याचा अधिकार तिला नसतो.

४

आता मुख्य प्रकरणाकडे येऊ. अमेरिकेत २३ मार्च २०१० रोजी आरोग्यविम्याचा नवा कायदा संमत होऊन त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. ज्यांना नोकरीमार्फत किंवा सरकारी योजनेतून विमा मिळत नाही त्यांनी संकेतस्थळावर जाऊन निरनिराळ्या कंपन्यांच्या योजना पाहाव्यात, आपल्या उत्पन्नाप्रमाणे मिळणारी सवलत जाणून घ्यावी आणि तेथेच विमा निवडावा, अशी त्यात तरतूद होती. ज्या राज्यांनी स्वतःची व्यवस्था उभारली नाही अशा ३६ राज्यांतील लोकांसाठी ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ हे संघराज्याचे संकेतस्थळ व्हावयाचे होते. हे काम मेडिकेअर व मेडिकेड सेवा केंद्राकडे आले. मुख्य बाजारपेठ-प्रणालीचे कंत्राट २०११ च्या सप्टेंबरात सीजीआय फेडरल ह्या कंपनीस मिळाले. निरनिराळ्या सरकारी खात्यांतील माहिती जोडणाऱ्या केंद्राचे काम क्यूएसएसआय ह्या कंपनीकडे गेले. सरकारी महानिरीक्षकांच्या मोजणीप्रमाणे एकूण कंत्राटे ६० आणि कंपन्या ३३ होत्या. ह्या सर्वांचा मेळ घालण्याची जबाबदारी सेवा केंद्राने स्वतःकडे ठेविली; परंतु ती कोणा एकाच्या शिरावर नव्हती.

२०१३ च्या वसंतात मॅकिन्झी ह्या सल्लागार पेढीस कामाची पाहणी करण्यास सांगण्यात आले. तिचा अहवाल मार्चअखेरीस आणि एप्रिलच्या आरंभी वरिष्ठ अधिकाऱ्यांपुढे मांडण्यात आला. आरोग्यखात्याच्या सचिव कॅथलीन सिबेलियस, सेवा केंद्राच्या प्रमुख मेरिलिन टॅव्हेनर आणि व्हाइट हाउसमधील अधिकारी ह्यांच्यापर्यंत तो पोचला. अहवालाचा आशय आज वाचणाऱ्यास थक्क करतो. कामाच्या अपेक्षा अजून बदलत आहेत. आराखडा, बांधणी आणि चाचणी हे टप्पे एकामागून एक न होता एकमेकांवर चढले आहेत. संपूर्ण प्रणालीची आरंभापासून अखेरपर्यंत चाचणी घेण्यास वेळ उरलेला नाही. लहान प्रमाणावर आरंभ न करता एकदम सर्व देशासाठी दार उघडण्याचा बेत आहे. आणि निर्णय घेण्याचा पूर्ण अधिकार असलेली एक व्यक्ती कोठेच नाही, असे त्यात स्पष्ट सांगितले होते. एकच प्रमुख नेमावा, ही शिफारसही त्यात होती.

म्हणजे सल्लागाराने आपले काम चोख बजावले. रोगनिदान अचूक होते, ते सहा महिने अगोदर झाले होते, आणि औषधही सांगितले होते. तरीही ते औषध घेतले गेले नाही. ह्याचे कारण, माझ्या मते, अहवालातच दडलेले आहे. निर्णय घेणारी एक व्यक्ती नाही, हे ज्या संस्थेचे दुखणे, तिच्यापुढे ‘निर्णय घेणारी एक व्यक्ती नेमावी’ असा विध्यर्थ ठेवला, तर तो निर्णय घ्यावा कोणी? अहवाल अनेकांनी पाहिला. परंतु ह्या क्रियापदाचा कर्ता मी, असे म्हणणारा कोणी निघाला नाही. मराठीत ‘करावे’ ह्या भावे प्रयोगात कर्ता अध्याहृत राहू शकतो. अहवालांच्या भाषेत तो बहुधा अध्याहृतच राहतो; परंतु कारभारात कर्ता अध्याहृत ठेवून भागत नाही.

१ ऑक्टोबर २०१३ रोजी संकेतस्थळ उघडले. लक्षावधी लोक त्यावर आले. पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण झाली ती केवळ सहा जणांची. दुसऱ्या दिवसाअखेर हा आकडा २४८ होता. संपूर्ण ऑक्टोबरात ३६ राज्ये मिळून २६,७९४ लोकांनी योजना निवडल्या. १ जानेवारी २०१४ पासून विमा मिळावा अशी आशा धरून असलेल्या लोकांत जुने आजार असल्यामुळे पूर्वी विमा नाकारला गेलेले पुष्कळ जण होते. त्यांच्यासाठी हा प्रश्न औषधोपचाराचा होता.

२२ ऑक्टोबर रोजी जेफ्री झायंट्स ह्यांस पाचारण करण्यात आले. ह्यांनी पूर्वी संघराज्याच्या अर्थसंकल्प कार्यालयाचे हंगामी संचालकपद दोनदा सांभाळले होते, आणि जानेवारी २०१४ पासून ते राष्ट्रीय आर्थिक परिषदेचे संचालक व्हावयाचे, हे आधीच जाहीर झाले होते. त्यांच्या मुदतीचा शेवट अशा रीतीने आरंभीच ठरलेला होता. गमतीची गोष्ट अशी की, त्यांच्या नेमणुकीची घोषणा करताना ते व्यवस्थापनविषयक सल्ला देतील, अशीच भाषा वापरण्यात आली. आणि त्यांचा पूर्वीचा पेशाही सल्लागारीचाच होता. परंतु तीनच दिवसांनी, २५ ऑक्टोबरला, त्यांनी दोन गोष्टी जाहीर केल्या : क्यूएसएसआय ही कंपनी ह्यापुढे सर्व कंत्राटदारांची मुख्य राहील, आणि नोव्हेंबरअखेर बहुसंख्य लोकांस संकेतस्थळ सुरळीत वापरता येईल. ह्या दोहोंपैकी एकही वाक्य सल्ल्याचे नव्हे. पहिले आज्ञेचे आहे, दुसरे वचनाचे. नाव सल्लागाराचे असले तरी वाक्कृती कारभाऱ्याच्या होत्या, आणि राष्ट्राध्यक्षांचे पाठबळ असल्यामुळे त्या सफल झाल्या. कोणास काय म्हणतात ह्यापेक्षा त्याच्या शब्दाने काय घडते हे पाहावे, ही गोष्ट येथे स्पष्ट दिसते.

प्रत्यक्ष यंत्रदुरुस्तीसाठी जे थोडे अभियंते बाहेरून आले त्यांत गूगलमधून रजा घेऊन आलेले मायकी डिकरसन होते. प्रणालीत कोठे काय बिघडले आहे हे एका दृष्टिक्षेपात दाखविणारा फलकदेखील तोपर्यंत नव्हता. तो प्रथम तयार करण्यात आला. रोज दोनदा उभ्याने बैठक होऊ लागली. तिचे नियम साधे होते : ही बैठक प्रश्न सोडविण्यासाठी आहे, दोष कोणाचा हे ठरविण्यासाठी नाही, ज्यास त्या प्रश्नाची सर्वांत अधिक माहिती आहे त्याने बोलावे, पदाने श्रेष्ठ असलेल्याने नव्हे, आणि येत्या एक-दोन दिवसांत जे अत्यंत निकडीचे आहे त्याचाच विचार व्हावा.

१ डिसेंबर रोजी प्रगतीचा जो तपशील प्रसिद्ध झाला त्यानुसार ४०० हून अधिक दोष दूर झाले होते. चुकांचे प्रमाण ६ टक्क्यांवरून १ टक्क्याच्या खाली आले होते. पान उघडण्यास सरासरी ८ सेकंद लागत ते १ सेकंदाहून कमी झाले होते. आणि एका वेळी ५०,००० लोकांचा भार प्रणालीस पेलू लागला होता. डिसेंबरअखेर संकेतस्थळावरून योजना निवडणाऱ्यांची संख्या ११ लाखांवर गेली. नोंदणीचा पहिला हंगाम संपल्यावर, राज्यांच्या स्वतंत्र व्यवस्था धरून, एकूण ८० लाख नोंदण्या झाल्याचे एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झाले.

एका आक्षेपाचा विचार येथे केला पाहिजे. झायंट्स ह्यांनी मॅकिन्झीपेक्षा अधिक काय जाणले होते, असे कोणी विचारील. उत्तर असे की, ज्ञानाचा भेद फारसा नव्हताच. भेद होता तो त्यागण्याच्या अधिकाराचा. १९ नोव्हेंबर २०१३ रोजी सेवा केंद्राच्या एका अधिकाऱ्याने काँग्रेसच्या समितीपुढे सांगितले की, विमा कंपन्यांस रक्कम देण्याची व्यवस्था धरून एकंदर प्रणालीचा ३० ते ४० टक्के भाग अजून बांधावयाचाच आहे. म्हणजे दुरुस्तीच्या त्या आठवड्यांत बरेच काही जाणूनबुजून मागे ठेवण्यात आले, आणि लोकांस समोर दिसणारे दार प्रथम उघडण्यात आले. काय करावे ह्याची यादी सल्लागार देऊ शकतो. काय तूर्त करू नये हे ठरविणे, आणि त्याचे उत्तरदायित्व पत्करणे, हे मात्र कारभाऱ्याचेच काम होय.

दुसरा आक्षेपही तितकाच विचारार्ह आहे. ऑक्टोबरात सर्व जगासमोर नामुष्की झाल्यामुळे झायंट्स ह्यांस जे पाठबळ मिळाले ते एप्रिलात कोणासही मिळाले नसते. हे खरे आहे. संकटाने अधिकाराची वाट मोकळी केली. परंतु त्यावरून एवढेच निष्पन्न होते की, संकट येण्यापूर्वी अधिकार देण्याची तयारी नसलेल्या संस्थेने सल्ल्यावर द्रव्य खर्चून आपण काही केले असे समाधान मानू नये. फेब्रुवारी २०१६ मध्ये महानिरीक्षकांनी ह्या प्रकरणाचा जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात स्पष्ट नेतृत्वाचा अभाव हे अपयशाचे सर्वांत प्रमुख कारण म्हणून नोंदविले आहे. एप्रिल २०१३ मध्ये जे विध्यर्थात म्हटले गेले होते तेच तीन वर्षांनी संकेतार्थात लिहिले गेले.

५

इतक्यावरून हंगामी कारभारी हाच सर्वत्र श्रेयस्कर, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो घाईचा होईल. इंग्लंडमधील राष्ट्रीय आरोग्यसेवेचे उदाहरण त्यास आवर घालते.

२००२ मध्ये ब्रिटिश सरकारने इंग्लंडमधील सर्व रुग्णालये व डॉक्टर ह्यांस जोडणारा एक प्रचंड संगणक-कार्यक्रम हाती घेतला, आणि त्याच वर्षी डेलॉइट ह्या सल्लागार पेढीतील रिचर्ड ग्रेंजर ह्यांस त्याचे महासंचालक नेमले. ते हंगामी नव्हते. २००८ च्या आरंभापर्यंत ते त्या पदावर राहिले. परंतु बाहेरून आणलेला, एकहाती अधिकार दिलेला जाणता, ह्या अर्थाने त्यांचे उदाहरण येथे लागू पडते. मोठमोठी प्रादेशिक कंत्राटे अल्प काळात आणि कडक अटींवर दिली गेली. काम पूर्ण झाल्यावाचून पैसे नाहीत, असा दंडक होता. आज्ञार्थात काहीच उणे नव्हते.

उणे होते ते दुसऱ्या बाजूस. जे डॉक्टर व परिचारिका ही प्रणाली रोज वापरणार त्यांचे मत पुरेसे घेतले गेले नाही, आणि २००७ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीने वैद्यकीय वर्गाचा महत्त्वाचा भाग ह्या कार्यक्रमाच्या पाठीशी उभा राहिला नाही, असा ठपका ठेवला. त्यापूर्वीच, २००६ मध्ये, राष्ट्रीय लेखापरीक्षकांनी एकूण खर्चाचा अंदाज १२.४ अब्ज पौंड सांगितला होता. त्याच वर्षी ॲक्सेंचर ही कंपनी बाहेर पडली. २००८ मध्ये फुजित्सूचे कंत्राट संपुष्टात आले. आणि सप्टेंबर २०११ मध्ये सरकारने हा राष्ट्रीय कार्यक्रम मोडीत काढीत असल्याचे जाहीर केले. काही अंगे टिकली. परंतु प्रत्येक रुग्णाचा सविस्तर वृत्तान्त सर्वत्र उपलब्ध व्हावा, हा मूळ हेतू त्या स्वरूपात सिद्धीस गेला नाही.

अमेरिकेत विध्यर्थ होता, आज्ञार्थ नव्हता. इंग्लंडमध्ये आज्ञार्थ होता. परंतु त्यापूर्वी यावयास हवा होता तो विध्यर्थ, म्हणजे ‘काय करणे हिताचे’ ह्याचा शोध, अपुरा राहिला. रोग ठाऊक नसताना शस्त्र हाती देणे हे, रोग ठाऊक असून शस्त्र न देण्याइतकेच घातक होय.

६

ह्या चार प्रकरणांवरून निवडीचे निकष काहीसे स्पष्ट होतात. पहिला प्रश्न असा विचारावा : आपणास काय बिघडले आहे ते ठाऊक नाही, की ठाऊक असून काही होत नाही? पहिली स्थिती असेल तर सल्लागार हवा. दुसरी असेल तर आणखी एक अहवाल मागविणे म्हणजे निर्णय लांबणीवर टाकणे होय. दुसरा प्रश्न : सल्ला मिळाल्यावर तो अमलात आणणारा कर्ता संस्थेत आहे काय? लायन्स कंपनीत तो होता, म्हणून केंब्रिजचा सल्ला फलद्रूप झाला. असा कर्ता नसेल तर उत्तम अहवालही दप्तरी पडतो. तिसरा प्रश्न : हंगामी कारभारी नेमावयाचा तर त्यास नाही म्हणण्याचा, थांबविण्याचा आणि मागे ठेवण्याचा अधिकार देण्यास आपण तयार आहोत काय? तयारी नसेल तर पदनाम कोणतेही असो, आपण सल्लागारच नेमीत आहोत, आणि त्यास कारभाऱ्याचा मोबदला मात्र देत आहोत.

चौथी गोष्ट प्रश्नाच्या रूपाने मांडण्यासारखी नाही, परंतु तीच सर्वांत महत्त्वाची आहे. हंगामी कारभाऱ्याचे यश तो गेल्यावर कळते. झायंट्स ह्यांच्यानंतर डिसेंबर २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टमधील माजी अधिकारी कर्ट डेलबेने ह्यांच्याकडे सूत्रे आली. सेवा केंद्रानेही जबाबदारीची स्पष्ट वाटणी केली. सरकारी नोकर व कंत्राटदाराची माणसे ह्यांनी बिल्ल्याचा भेद न मानता एकत्र काम करावे, अशी रीत पाडली. ऑगस्ट २०१४ मध्ये डिकरसन ह्यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकी डिजिटल सेवा ह्या नावाचा विभाग स्थापन झाला. संकटकाळी बाहेरून आलेली विद्या सरकारच्या घरी मुक्कामास राहावी, हा त्यामागील हेतू होता. जानेवारी २०२५ मध्ये त्या विभागाचे नाव व उद्दिष्ट बदलण्यात आले. तथापि एका दशकापर्यंत त्याने जे काम केले त्याचे मूळ २०१३ च्या त्या सहा आठवड्यांत आहे.

रोमन इंटररेक्सचे अंतिम कर्तव्य आपली जागा दुसऱ्याच्या हवाली करणे हे होते. सल्लागार अहवाल ठेवून जातो. हंगामी कारभाऱ्याने आपल्यामागे कारभारी ठेवून जावे. कोणती संस्था कोणास बोलाविते हे पाहण्यापेक्षा, तो गेल्यानंतर तिच्यात ‘मी करतो’ असे म्हणणारी माणसे वाढली की घटली, हे पाहणे इतिहासाच्या अभ्यासकास अधिक उपयोगी ठरेल. आपल्याकडेही सार्वजनिक संगणक-प्रकल्पांची दप्तरे आता अभ्यासासाठी हाती घेण्याजोगी झाली आहेत. त्यांतील अहवाल, आदेश आणि चौकशीचे निष्कर्ष ह्यांची क्रियापदे जरी कोणी काळजीपूर्वक तपासली, तरी अधिकार नेमका कोठे होता आणि कोठे नुसताच लिहिला गेला होता, हे पुष्कळ अंशी उलगडेल. भाषेचा आणि इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन करावे, असे हे काम आहे.